घरची मिरची : दारात, ताटात आणि पेल्यात



ताटात भाजी नसली तरी एखादा दिवस निभतो, पण मिरचीवाचून घास उतरत नाही. भाकरी किंवा भात, मीठ आणि ठेचलेली मिरची एवढ्यावर एक वेळचे जेवण होते. बदलापूर गावाच्या आसपास, बारवी धरणाच्या बाजूला आणि माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी ज्या कातकरी व ठाकूर वाड्या आहेत, तिथे असे जेवण नवलाचे नाही. त्याला भाजलेल्या सुकटीची जोड मिळाली, तर त्या दिवशी जेवण चांगले झाले म्हणायचे.

मात्र ही मिरची बहुतेक वेळा विकतची असते. रोजच्या मजुरीवर रोजचा बाजार करणाऱ्या घराला किलोभर मिरची एकदम घेणे जमत नाही. ते घर लहान पुडी घेते, आणि वजनाचा हिशेब केला तर अशी पुडी बहुधा महागच पडते. भाजीपाला घरी लावावा, असा सल्ला आपण सहज देतो. पण अनेक कातकरी कुटुंबांचे घर ज्या जागेवर उभे आहे, ती जागाही त्यांच्या नावावर नसते. अशा घराला परसबाग कुठली? मिरचीचे तसे नाही. तिला सातबारा लागत नाही. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली किंवा सिमेंटची गोणी तिला पुरते. म्हणून या अंकात मिरची घरी कशी लावावी आणि तिचा उपयोग कसा करावा, हे सविस्तर पाहू. फ्लॅटच्या गॅलरीत राहणाऱ्या वाचकांनाही ते उपयोगी पडेल, आणि वाडीवरच्या घरांसाठी आपल्याला नेमके काय करता येईल हेही त्यातून कळेल.

मिरची आली कुठून

मिरची मूळची आपल्याकडची नाही. ती मेक्सिको व दक्षिण अमेरिकेतील. तिथे हजारो वर्षांपासून तिची लागवड होत होती. कोलंबसाची पहिली सफर १४९२ सालची. त्यानंतर सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर मिरची गोव्यात आली व तेथून देशभर पसरली. आपल्या जवळची वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली होती. त्याआधी आपल्याकडे जेवणाला तिखटपणा आणायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्याने. ‘मिरची’ हे नावसुद्धा मिरीवरूनच पडले. म्हणजे जिच्यावाचून आपले पान हलत नाही, ती मिरची इथे येऊन पाचशेच वर्षे झाली आहेत. एवढ्या काळात तिने घरोघर आपले रूप घेतले. वसई, साष्टी व ठाणे भागातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बॉटल मसाला आणि कल्याण-बदलापूरकडचा आगरी मसाला ही तिचीच दोन रूपे. दोन्हीकडे उन्हाळ्यात मिरच्या उन्हात वाळतात, भाजल्या जातात, कांडल्या जातात आणि वर्षभर पुरतात.

तिखटपणा नेमका कशात असतो

मिरचीचे बी तिखट, असे आपण समजतो. खरे तर तिखटपणा असतो तो बी ज्याला चिकटलेले असते त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. बियांना तो तिथून लागतो. मिरची कमी तिखट हवी असेल तर ती शीर खरवडून काढावी.

तिखटपणा देणाऱ्या द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात-तुपात विरघळते. म्हणून तोंड भाजले की पाणी पिऊन उपयोग होत नाही. दूध, दही किंवा ताक घेतले की आराम पडतो. तोंडाला प्रत्यक्षात चटका बसलेला नसतो. उष्णता ओळखणाऱ्या आपल्या मज्जातंतूंवर जी केंद्रे असतात, त्यांनाच कॅप्सेसिन जागे करते, आणि शरीराला भाजल्यासारखे वाटून घाम फुटतो. हे केंद्र शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांना मात्र कॅप्सेसिन झोंबत नाही. ते पिकलेल्या मिरच्या खातात आणि बी दूरवर टाकतात. कुणी न लावता कुंपणाशी उगवलेले मिरचीचे झाड बहुधा त्यांनीच लावलेले असते.

तिखटपणा मोजण्याची पद्धत अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली सुचवली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पट पातळ केला म्हणजे चाखणाऱ्याला तिखट लागेनासा होतो, तो तिचा आकडा. भोपळी मिरचीचा आकडा शून्य. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियाचा दहा लाखांच्या वर.

कोणती मिरची लावावी

नेहमीच्या वापराला ज्वाला जातीची लांब, बारीक हिरवी मिरची चांगली. थोडक्यात काम भागवायचे असेल तर लवंगी; ती आकाराने लहान पण फार तिखट. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण कीर्ती’ ही जात आपल्या कोकणच्या हवामानासाठी काढली आहे. मसाल्याच्या रंगासाठी प्रसिद्ध असलेली ब्याडगी कर्नाटकातील हावेरी भागातली. तिला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते. मसाल्यात तिच्या जोडीला तिखट संकेश्वरी घालतात.

आकाशाकडे तोंड करून लागणारी अगदी बारीक मिरचीही पुष्कळ ठिकाणी दिसते. तिचे झाड नीट जपले तर दोन-तीन वर्षे टिकते व थोड्या सावलीतही फळते.

बी घेताना एक गोष्ट पाहावी. संकरित बियाण्याच्या झाडाला मिरच्या भरपूर लागतात, पण त्या मिरचीचे बी धरले तर पुढचे झाड तसेच निघत नाही. दरवर्षी बी विकत घ्यावे लागू नये, असे वाटत असेल तर साधी सुधारित किंवा गावठी जात घ्यावी.

वेळेचे गणित

आपल्याकडे घरच्या मिरचीचे दोन हंगाम होतात.

पहिला पावसाळी. मेच्या मध्याला बी टाकावे. रोप तयार व्हायला पाच ते सहा आठवडे लागतात. जूनअखेर ते कायमच्या जागी लावावे. दोन-सव्वादोन महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, हिरव्या मिरच्या मिळू लागतात. झाडावर ठेवलेल्या मिरच्या पुढच्या तीन-चार आठवड्यांत लाल होतात, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या कडक उन्हात त्या वाळवता येतात.

दुसरा हिवाळी. सप्टेंबरात बी, ऑक्टोबरात लागवड आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत तोडणी. हा हंगाम जास्त सोपा. रोग कमी आणि पाऊस नाही. मात्र रोज पाणी घालायला घरात कुणीतरी हवे.

वाडीवरच्या घरांचा प्रश्न इथेच येतो. अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. त्यामुळे हिवाळी हंगाम त्यांच्या हातचा जातो. उरतो तो पावसाळी. पण त्या हंगामाचे बी मेच्या मध्याला पडायला हवे, आणि तेव्हा हे घर अजून भट्टीवरच असते. जूनमध्ये परत येऊन बी टाकले तर रोप लागायला जुलैची अखेर होते आणि मिरची लाल व्हायच्या आतच पुन्हा निघायची वेळ येते. मिरची लावायची कशी, हे या कुटुंबांना ठाऊक आहे. अडतात ते मे महिन्यापासूनचे पाच-सहा आठवडे.

लागवड

बी टाकण्यासाठी पसरट डबा किंवा जुनी परात घ्यावी व तळाला भोके पाडावीत. चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत सारखे घेऊन भरावे. बी अर्धा सेंटिमीटर खोल, बोटभर अंतरावर टाकावे. मुंग्या बी नेतात, म्हणून कडेने राख पसरावी. पाणी शिंपडून द्यावे, ओतू नये. सात ते बारा दिवसांत उगवण होते. रोपे दाट झाली किंवा ओल जास्त राहिली तर ती बुडाशी कुजून कोलमडतात. तसे दिसले तर पाणी कमी करावे व रोपे विरळ करावीत.

रोप बारा-पंधरा सेंटिमीटर उंच झाले की संध्याकाळच्या वेळी कायमच्या जागी लावावे. एका रोपाला दहा-बारा लिटरचा डबा किंवा तेवढी गोणी पुरते. कीटकनाशकाची गोणी वा डबा धुऊनसुद्धा वापरू नये. तळाला भोके पाडून त्यावर खापऱ्या ठेवाव्यात. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचे तूस असे मिश्रण चांगले. तुसामुळे माती मोकळी राहते, आणि आपल्या भागात गिरणीवर ते सहज मिळते. जमिनीत लावायचे तर वीतभर उंचीचा गादीवाफा करून दीड-दीड फुटावर रोपे लावावीत.

बदलापूरकडच्या पावसात मिरचीला सर्वांत मोठा धोका साचलेल्या पाण्याचा. मुळाशी दोन दिवस पाणी राहिले तरी झाड माना टाकते. म्हणून डबा दोन विटांवर ठेवावा आणि पागोळ्या थेट झाडावर पडणार नाहीत अशी जागा निवडावी. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मात्र मिळाले पाहिजे. घराच्या वळचणीला अगदी आत ठेवलेले झाड नुसते उंच वाढते, फळत नाही.

लावल्यावर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत घालावे व पुढे दर पंधरा-वीस दिवसांनी घालत राहावे. खत फार झाले तर पाने माजतात व फुले कमी येतात. एप्रिल-मेच्या उन्हात फुले गळतात. तेव्हा दुपारी जुन्या पांढऱ्या साडीची सावली करावी.

चुरडा-मुरडा

मिरचीची पाने आकसून वळली की त्याला चुरडा-मुरडा म्हणतात. फुलकिडे किंवा कोळी पानातला रस शोषतात, त्यामुळे असे होते. पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळेही होते. सुरुवातीलाच निंबोळी अर्क फवारला तर किडीला आळा बसतो. पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून गाळाव्यात व त्यात साबणाचे थोडे पाणी मिसळावे. संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. झाड पूर्ण खुरटले असेल तर ते विषाणूने धरले असे समजून उपटून टाकावे, म्हणजे शेजारची झाडे वाचतात.

वाळवण आणि बी

नीट जपलेले एक झाड हंगामात साधारण पाव ते अर्धा किलो हिरवी मिरची देते. चार किलो ओली लाल मिरची वाळली की सुमारे एक किलो भरते. म्हणजे दहा झाडांपैकी निम्मी मिरची हिरवी खाल्ली आणि निम्मी लाल होऊ दिली, तर पाव ते अर्धा किलो वाळलेली मिरची हाती येते. वर्षाची बेगमी यातून होणार नाही. पण पावसाळ्यात काम नसते, हातात पैसा नसतो, तेव्हा ताटात हिरवी मिरची असते, आणि भट्टीवर निघताना गाठोड्यात घरची लाल मिरची असते.

मिरची पूर्ण लाल झाल्यावर देठासकट तोडावी. ती जमिनीवर नव्हे, तर स्वच्छ कापडावर पसरावी. रात्री दव पडते म्हणून संध्याकाळी आत घ्यावी. दहा-पंधरा दिवसांत ती हलवली की खुळखुळ वाजते. बुरशी आलेली मिरची वापरू नये. तिच्यात विषारी द्रव्य असू शकते व ते शिजवूनही जात नाही.

बियांसाठी सर्वांत निरोगी झाडाच्या दोन-चार पिकलेल्या मिरच्या राखून ठेवाव्यात. बी काढून सावलीत वाळवावे आणि थोडी राख मिसळून कोरड्या बाटलीत घट्ट बंद करावे.

ताटात

ठेचा सर्वांना येतो, पण प्रमाण सांगतो. दहा-बारा हिरव्या मिरच्या व पाच-सहा लसूण पाकळ्या चमचाभर तेलावर तव्यात परताव्यात. मूठभर भाजलेले शेंगदाणे व मीठ घालून जाडसर ठेचावे. शेंगदाण्यांमुळे तिखट सौम्य होते आणि पोटालाही आधार मिळतो.

ऑक्टोबरात एखादा आठवडा ढगाळ गेला तर लाल मिरच्या वाळत नाहीत. तेव्हा रंजका करावा. ओल्या लाल मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या कराव्यात. लसूण व मीठ घालून वाटावे, लिंबू पिळावे, बरणीत भरावे आणि वरून तेल घालावे. भाकरीबरोबर दह्यात कालवून खातात.

जाड, कमी तिखट मिरच्या असतील तर त्या चिरून, मीठ व धणे-जिऱ्याची पूड घातलेल्या ताकात रात्रभर ठेवाव्यात व दिवसा वाळवाव्यात. ताक संपेपर्यंत असे करावे. तळून खिचडीबरोबर छान लागतात.

कच्च्या हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते. हंगेरीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी मोठ्या प्रमाणावर क जीवनसत्त्व काढले ते तिथल्या लाल मिरचीच्या जातीतून, आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नाचणी व रानभाज्यांमधले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. पण आपण मिरची खातो ती थोडीच. तेव्हा तिला औषध समजू नये. वर लिंबू पिळले तर फायदा वाढतो. वाळवल्यावर हे जीवनसत्त्व बरेच कमी होते.

पेल्यात

मिरची घातलेली पेये आपल्याला नवी नाहीत. मठ्ठ्यात आले-मिरची वाटून घालतो, सोलकढीत मिरची असते. मेक्सिकोतले अझ्टेक लोक कोकोच्या पेयातही मिरची घालत.

नाचणीची आंबील उन्हाळ्यात फार गुणाची. दोन चमचे नाचणीचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून, आणखी दोन वाट्या उकळत्या पाण्यात सोडावे व ढवळत शिजवावे. गार झाल्यावर त्यात वाटीभर ताक, मीठ, ठेचलेली लसणाची पाकळी आणि अर्धी मिरची घालावी. कामावर जाण्यापूर्वी पोटभरीचे होते.

कैरीचे पन्हे, कोकम सरबत किंवा जूनमधल्या बदलापूरच्या जांभळांचे सरबत यांत मिरची वाटून घालू नये. एक हिरवी मिरची उभी चिरून सरबतात दहा मिनिटे ठेवावी व काढून टाकावी. स्वाद उतरतो आणि तिखट आवाक्यात राहते. तीच मिरची ताकात घातली तर कमी झोंबते आणि पाण्याच्या सरबतात जास्त. कारण ताकातले प्रथिन व स्निग्धांश तिखटपणा धरून ठेवतात. पेरूच्या रसावर मीठ-तिखट भुरभुरले की मुलेही आवडीने पितात.

काही सावधगिरी

मिरची चिरल्यावर डोळ्यांना हात लावू नये. हाताची आग झाली तर आधी तेल चोळावे व मग साबणाने धुवावे. लाल मिरची भाजताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. लहान बाळ व दमेकरी यांना दूर ठेवावे. आम्लपित्त किंवा मूळव्याध असलेल्यांनी तिखट बेतानेच खावे आणि रिकाम्या पोटी तिखट पेय घेऊ नये.

सुटे तिखट विकत घ्यावे लागलेच तर चमचाभर पाण्याच्या पेल्यात टाकून पाहावे. पाण्यात टाकताच रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या तर कृत्रिम रंग आहे. तळाचा गाळ बोटांत चोळल्यावर रेतीसारखा लागला तर विटेची पूड किंवा वाळू आहे.

आपल्याला काय करता येईल

भट्टीवरच्या कुटुंबाचे मे-जूनमधले पाच-सहा आठवडे भरून काढणे आपल्या हातात आहे. गॅलरीच्या कठड्यावर मावणाऱ्या एका परातीत चाळीस-पन्नास रोपे सहज होतात. चार-पाच घरांना ती पुरतील. त्यासाठी रोज पाच मिनिटे आणि दोन तांबे पाणी एवढेच लागते.

पण आधी विचारावे. कोणत्या वाडीवर कोणती मिरची आवडते, ती हिरवी खातात की वाळवतात, जागा कुठे आहे, हे तिथल्या बायांना विचारून मगच बी निवडावे. कुणाकडे जपलेले गावठी बी असेल तर दिवाळीला निघण्यापूर्वी त्यातले मूठभर मागून घ्यावे आणि मेमध्ये त्याचीच रोपे करावीत. म्हणजे त्यांचे बी त्यांच्याकडेच परत जाते. संकरित बी देऊ नये, नाहीतर पुढच्या वर्षी ते घर पुन्हा दुकानाच्या दारात उभे राहील.

बी १५ मेच्या सुमारास पडले पाहिजे. जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कुटुंबे परतून घरे शाकारून झाली की रोपे पोहोचवावीत, शक्य तर रिकाम्या गोण्यांसह. उशीर करू नये. जुलैच्या अखेरीस दिलेले रोप दिसायला तेवढेच हिरवे असते, पण त्याची मिरची लाल होईपर्यंत घराला कुलूप लागलेले असते.